झाडे सरांची पहिली शिल्ड

दिवाळीचे आकाशकंदील उतरले, की वर्ध्याजवळच्या आमच्या बोरगाव मेघेत सकाळी सकाळी एक आवाज यायला लागतो. घरामागच्या मैदानावर कॉलेजच्या मुली बास्केटबॉलचा सराव करतात, त्यांच्या चेंडूचा. उन्हाळ्यात कुलरच्या घरघरीत तो ऐकू येत नाही. थंडीत मात्र हवा कोरडी आणि मोकळी असते, सिमेंटवर आपटलेला चेंडू थेट माझ्या उशाशी येतो. स्पर्धा जवळ आल्या, हे मला पेपरातून कळावं लागत नाही.

खरं तर मी गृहअर्थशास्त्राची प्राध्यापक. आता निवृत्त झाले. टाके, तळण, तान्ह्या बाळाचा आहार हे माझे विषय. आयुष्यात कधी चेंडू हातात धरला नव्हता. तरीही हा मोसम आला, की माझ्या अंगात काहीतरी हलतं. हवेत कापसाचा बारीक तंतू तरंगत असतो, जिनिंग कारखान्याकडे जाणाऱ्या गाड्यांवरून पांढरे पुंजके रस्त्याकडेच्या बाभळीला अडकलेले असतात, तुरीला पिवळा फुलोरा आलेला असतो. आणि मला तीस वर्षांपूर्वीचा तो एक हिवाळा आठवतो, ज्यात मी एका संघाची मॅनेजर होते.

यंदा तो आठवायला कारणही झालं. झाडे सरांच्या जुन्या खेळाडू त्यांचा सत्कार करणार आहेत. त्या वेळची कॅप्टन ज्योती, आता सिंदी रेल्वे या गावी औषधांचं दुकान चालवते, तिचा फोन आला. "मॅडम, स्मरणिकेसाठी दोन पानं लिहून द्या. आपल्या पहिल्या शिल्डवर. तुमच्याशिवाय कोण लिहिणार?"

मी होकार दिला. पहिलं पान झरझर लिहून झालं. दुसऱ्या पानावर मात्र पेन थांबलं.

*

मला मॅनेजर केलं ते नाइलाजानं. मुलींचा संघ बाहेरगावी जायचा तर सोबत महिला प्राध्यापक हवीच असा नियम होता, आणि कॉलेजात लग्न न झालेली, लेकराबाळांचा पाश नसलेली बाई मी एकटीच. प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, "गावंडे मॅडम, या वर्षी तुम्ही." शेजारी झाडे सर उभे होते. उंची बेताची, पांढरी पँट, गळ्यात शिट्टी. मला म्हणाले, "मॅडम, खेळाचं काही समजलं नाई तरी चालते. पोरी आजारी पडल्या, रडल्या, घाबरल्या, तर मले सांगत जा. त्या मले सांगत नाईत. बाईमाणसाले सांगतात."

हे वाक्य मी तेव्हा सहज ऐकलं.

झाडे सर स्वतः कधी बास्केटबॉल खेळलेले नव्हते. ते खो-खोचे. कॉलेजात क्रीडाशिक्षक म्हणून लागले तेव्हा आवारात कुण्या दात्यानं उभारून दिलेले दोन गंजके खांब होते, त्यावर दोन रिंगा, जाळी नसलेल्या. सरांनी नियमांचं इंग्रजी पुस्तक मिळवलं आणि शब्दकोश घेऊन वहीत सगळं मराठीत उतरवलं. आधीच्या सहा वर्षांत त्यांचा संघ पहिल्याच फेरीत हरून दुपारच्या बसनं परत यायचा. स्टाफरूममध्ये लोक हसत. "झाडे सर, डबा कशाले नेता, जेवायले घरी येताच ना!"

सर रागावत नसत. सातव्या वर्षी त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली, ती त्यांनी मला कोर्टाच्या कडेला उभं राहून सांगितली. सकाळचे सहा वाजले होते, नुकतं उजाडत होतं.

"मॅडम, नागपूरच्या पोरी उंच हायेत. त्यांच्यासारखी रिंग आपल्याले जमणार नाई. पण चेंडू आडवायचा तर वाकून उभं राहावं लागते, पाय फाकवून, हात पुढं करून. त्या पोरी दोन मिनिटांत कंबर धरतात. आपल्या पोरी दिवसभर वाकून कापूस वेचतात. दोन्ही हातानं. बोंडाचा काटा न लागू देता." गळ्यातली शिट्टी त्यांनी मुठीत धरली. "मी सहा वर्षं यांले नागपूरवाणी खेळायले शिकवून राह्यलो होतो. मीच बेअक्कल."

त्या दिवसापासून त्यांनी रिंगेत चेंडू टाकण्याचा सराव निम्म्यावर आणला. मुली कोर्टभर वाकून सरकायच्या. डावीकडे, उजवीकडे, मागे. सर चेंडू हातात घेऊन चालायचे आणि समोरच्या मुलीनं तो काढून घ्यायचा. पहिल्या आठवड्यात मुली एकमेकींवर आदळून हसून लोळायच्या. तिसऱ्या आठवड्यात सरांच्या हातात चेंडू टिकेना.

आणि सगळ्यात आधी तो काढून घ्यायची मंगला कुमरे.

*

मंगला रोहण्याच्या पलीकडच्या एका वस्तीवरची. वर्ध्याला मुलींच्या वसतिगृहात राहायची. बुटकी, काळीसावळी, सरळ नाकाची, हसली की खालचा ओठ दाताखाली धरणारी. कोर्टावर ती चालायची नाही, घसरायची. समोरच्या मुलीला कळायच्या आत तिच्या हातातला चेंडू मंगलाकडे असायचा आणि ती मुलगी रिकाम्या हातांकडे बघत राहायची.

दिवाळीला घरी गेली ती परत आलीच नाही. कापसाचा वेचा सुरू झाला होता. सर म्हणाले, "चला मॅडम, घेऊन येऊ."

आम्ही एसटीनं रोहण्याला उतरलो आणि पुढे पायी गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस असा फुटला होता, की डोळे दिपत. शेताच्या मध्यावर बायकांची ओळ होती, कमरेला ओट्या बांधलेल्या, त्यात मंगला. आम्हाला पाहून ती आधी हसली, मग घाबरली.

तिची आई बांधावर आली. उन्हानं रापलेली, कपाळावर आणि हातांवर गोंदण. मुलीशी ती त्यांच्या बोलीत काहीतरी बोलली. मग आमच्याकडे वळून, "बसा," म्हणाली. बसायला बांधच होता.

सर बोलायला लागले. खेळ, युनिव्हर्सिटीची टीम, त्यात निवड झाली तर पोलिसात भरती होताना उपयोग. आईनं सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे बघितलं.

"तुमी जाता का हिच्यासंग?"

"हो," मी म्हणाले. "मी रात्रंदिवस सोबत असेन."

"हिले काही झालं तं?"

"मी आहे ना."

तिनं ओटीतला कापूस पोत्यात रिकामा केला, हात झटकले. "मंग न्या," म्हणाली. "तुमी हाय म्हून देतो."

मला तेव्हा फार अभिमान वाटला. परतीच्या बसमध्ये मंगला खिडकीशी बसली होती, मांडीवर भाकरीचं फडकं, आणि मी तिच्या शेजारी मोठ्या बहिणीसारखी ताठ बसले होते.

*

तो महिना माझ्या आयुष्यातला सगळ्यात हलका महिना होता. मी पहाटे उठून स्वेटर घालून कोर्टावर जायची. हरभरे भिजवून आणणं, गूळ-शेंगदाणे वाटणं, हातापायाला मलम लावणं ही माझी कामं. हळूहळू मी ओरडायलाही शिकले. "हात वर! ज्योती, हात वर!" सर माझ्याकडे बघून मिशीत हसायचे.

ज्योती रोज सिंदीहून पॅसेंजरनं यायची. गाडी उशिरा आली की स्टेशनपासून पळत यायची आणि सर म्हणायचे, "हिचा सराव झाला, हिले पाणी द्या." तिच्या वडिलांची कापसाची आडत होती, बरीच शेतीही होती. एका रविवारी त्यांनी सगळ्या संघाला शेतात रोडग्यांना बोलावलं. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे, वांग्याची झणझणीत भाजी, वर तुपाची धार. सर आडव्या पडलेल्या बैलगाडीच्या जुवावर बसून जेवत होते. मुलींनी हट्ट करून त्यांना खो-खो खेळायला लावलं आणि चाळिशीला आलेला तो माणूस तुरीच्या ओळींमधून असा पळाला, की एकीलाही सापडला नाही. मंगला धापा टाकत माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "मॅडम, मले वाटते हे असंच राहावं. परीक्षा नाई, लगन नाई, काई नाई."

मी तिच्या केसातली गवताची काडी काढली. आजही डोळे मिटले की ते शेत मला जसंच्या तसं दिसतं. भाजीतला तिखटपणाही जिभेवर येतो.

*

नागपूरला आम्ही एका शाळेच्या वर्गात उतरलो होतो, बाकं भिंतीला लावून, सतरंज्या अंथरून. पहिली मॅच जिंकलो. मुलींना खरंच वाटेना. दुसरी जिंकलो. उपांत्य सामन्यात नागपूरचाच एक नावाजलेला संघ समोर होता, उंच, एकसारख्या बुटांचा. आमच्या मुलींनी वाकून, सरकून, त्यांच्या हातातले चेंडू वेचले. त्या संघाची एक मुलगी रडकुंडीला येऊन म्हणाली, "ये सब नीचेसे कहाँसे आती हैं!" आम्ही फायनलला पोचलो.

त्याच सामन्यात शेवटच्या मिनिटाला मंगला उडी मारून खाली आली, तेव्हा वाकडी उतरली. लगेच उठली. कुणाच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या आंघोळीच्या रांगेत होत्या. मी वर्गात सतरंज्या गोळा करायला आले, तर मंगला कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसलेली. सलवार वर केलेली. उजवा गुडघा नारळासारखा सुजला होता.

"मंगला!"

तिनं झटकन सलवार खाली ओढली. मग माझा हात धरला. "मॅडम, सरले नका सांगू."

"अगं, तुला चालता तरी येतं का?"

"येते. पाहा." ती उठून चालून दाखवायला लागली. ओठ दाताखाली धरला होता, पण हसत नव्हती. "आज निवडीचे सर येऊन राह्यले. आज नाई खेळली तं माही निवड नाई होत. पुढच्या साली आई पाठवणार नाई, मले माहीत हाय. मॅडम, तुमाले माही शपथ."

बाहेर बादल्यांचा आवाज येत होता, मुली हसत होत्या. सर मैदानावर लवकर गेले होते. मी दाराकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. तिच्या आईचा चेहरा माझ्यासमोर आला नाही, असं मी म्हणणार नाही. आला होता. पण त्याच्या पुढे शिल्ड होती, स्टाफरूममधली ती हसणारी माणसं होती आणि ही पोरगी होती, माझा हात घट्ट धरून बसलेली. तो हिवाळा मलाही जिंकायचा होता.

मी माझ्या पेटीतून पट्टी काढली आणि गुडघा घट्ट बांधून दिला. वरून तिनं ट्रॅकपँट घातली. बाहेर काहीच दिसत नव्हतं.

*

फायनल आम्ही तीन गुणांनी जिंकली. शेवटचा चेंडू मंगलानंच काढून घेतला, ज्योतीकडे फेकला आणि खाली बसली. शिट्टी वाजली, मुली धावल्या, एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मंगला बसूनच होती. सर तिच्याकडे धावत आले तेव्हा तिला पाय सरळ करता येत नव्हता.

शिल्ड घेतानाच्या फोटोत सर नाहीत. ते मंगलाला उचलून रिक्षाकडे निघाले होते. फोटोत मी आहे, सगळ्यांच्या मागे.

मी मागोमाग दवाखान्यात पोचले, तेव्हा डॉक्टर म्हणाले, आतला स्नायुबंध तुटला आहे, आणि दुखऱ्या पायावर खेळल्यामुळे फार बिघडलं आहे. सरांनी मंगलाला विचारलं, "कधीपासून दुखून राह्यलं होतं?"

"मॅचमध्येच झालं, सर," ती म्हणाली.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याचा ग्लास मंगलाच्या हातात दिला.

युनिव्हर्सिटीच्या यादीत तिचं नाव आलं. तिच्याऐवजी दुसरी मुलगी गेली. मंगलाला घरी पोचवायला आम्ही दोघं गेलो, तेव्हा तिच्या आईनं प्लास्टरवरून हात फिरवला आणि चुलीवर चहा ठेवला.

नंतर झाडे सरांनी किती शिल्डा आणल्या, मला मोजता येणार नाहीत. वर्ध्याचा संघ म्हटला की नागपूरवाले आधी स्वतःच्या कमरेला हात लावून बघत. सरांच्या मुली पोलिसात गेल्या, रेल्वेत गेल्या, स्वतः क्रीडाशिक्षक झाल्या. मात्र त्या हिवाळ्यानंतर सरांनी एक नवी पद्धत सुरू केली. प्रत्येक मॅचच्या आधी प्रत्येक मुलीनं त्यांच्यासमोर पाच बैठका काढायच्या. त्याशिवाय कोर्टावर पाऊल नाही. लोक म्हणत, झाडे सर फार काटेकोर. मी स्टाफरूममध्ये मान खाली घालून पेपर तपासत बसायची. पुन्हा मॅनेजर म्हणून मी गेले नाही.

मंगला बी.ए. झाली. पोलीसभरतीत धावणं जमणार नव्हतंच. आता ती गावात अंगणवाडी चालवते. काही वर्षांपूर्वी आर्वीच्या बसस्टँडवर भेटली, थोडी स्थूल, किंचित लंगडत. तिला खाली बसता येत नाही. लेकरं सतरंजीवर आणि ती लहानशा स्टुलावर, असं तिनंच हसत सांगितलं. मी धीर करून म्हणाले, "मंगला, त्या दिवशी मी सरांना सांगायला हवं होतं."

"सांगतलं असतं न मॅडम, तं मी तुमाले जन्मात माफ नसतं केलं," ती म्हणाली आणि माझ्या पिशवीत तिच्या घरच्या वालाच्या शेंगा भरू लागली.

तिच्या बोलण्यानं मला बरं वाटायला हवं होतं. पण शब्द मी तिला दिलाच नव्हता, तिच्या आईला दिला होता.

*

तर दुसऱ्या पानावर पेन थांबलं, आणि मी सरांच्या घरी गेले. सत्तरी आली आहे त्यांना. ओसरीत उन्हाला बसले होते, पायांवर शाल. मी बसले आणि सगळं सांगून टाकलं. सुजलेला गुडघा, शपथ, पट्टी. ते शाल नीट करत राहिले. मला वाटलं रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं.

"त्या दिवशी वॉर्मअपमध्ये ती उजव्या पायावर वळत नव्हती," ते म्हणाले. "मले दिसलं होतं, मॅडम."

"मग?"

"मंग काई नाई. विचारलं असतं तं बसवावं लागलं असतं. सहा वर्षं लोकं हसत होते मले. मी म्हटलं, थंडीनं आखडली असन." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "त्या बैठका उगाच नाई काढायले लावत होतो मी."

त्यानंतर वीसेक वर्षं एकाच कॉलेजात काढली, हजारदा चहा घेतला, आणि हे आम्ही एकमेकांना सांगितलं नव्हतं. मग सर अचानक उठले, चपला शोधायला लागले. "तिची माय हाय ना अजून?"

"आहे."

"मंग चला."

भाड्याची गाडी करून आम्ही गेलो. पुलगाव, मग रोहणा. शेतं पुन्हा पांढरी झाली होती. मंगला अंगणवाडीत होती. म्हातारी घरासमोर खाटेवर बसून शेंगा सोलत होती. अंगानं अगदी वाळलेली, पण तिनं आम्हाला लगेच ओळखलं.

सर उभ्यानंच बोलले. अर्ध्या जिल्ह्यातल्या मुली ज्यांच्या पाया पडतात, ते हात जोडून उभे होते. मले दिसलं होतं, मी थांबवलं नाई, असं त्यांनी सांगितलं. मग मी माझं सांगितलं. पट्टी मी बांधली, हेही सांगितलं.

म्हातारीचे हात शेंगांवर थांबले. तिनं आधी सरांकडे, मग माझ्याकडे पाहिलं.

"पोरगी माही जिद्दी हाय," ती म्हणाली. "लहान होती, तिले काय समजते? पण तुमी दोघं मोठे होते न."

एवढंच. आवाज चढवला नाही, रडली नाही. थोडं सरकून तिनं खाटेवर आम्हाला जागा करून दिली आणि आम्ही बसलो. मंगला आली तेव्हा तिला आश्चर्य वाटलं, आनंद झाला, तिनं चहा केला. सरांनी तिला काही सांगितलं नाही. सांगायचं ते सांगून झालं होतं.

परत येताना पुलगाव मागे पडल्यावर सर काचेबाहेर बघत म्हणाले, "बरं झालं मॅडम. तुमी मोठे होते न, असं इतक्या वर्षांत मले कोणी म्हटलंच नव्हतं."